चर खणताना या चुका टाळा

‘चर’ कशासाठी, हे न विचारता टिकाव उचलणं ही पहिली चूक. डोंगरउतारावरचा सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब चर, पाणी अडवतो, म्हणून त्याचा तळ सपाट हवा. पाणथळ काळ्या रानातला निचऱ्याचा चर पाणी बाहेर काढतो, त्याला उतार हवाच. कालव्याची चारी पाणी वाटते, किल्ल्याचा खंदक माणसं अडवतो. समतल चर माथ्याकडून खाली खणत यायचा, नाहीतर वरचं सगळं पाणी खालच्या चरांवर कोसळतं. निचऱ्याचा चर मात्र तोंडाकडून, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या टोकाकडून वर, नाहीतर खणणारा साचलेल्या चिखलात उभा.

दुसरी चूक नजरेनं आखण्याची. ‘दिसतंय की सपाट’ म्हणत फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) रेघ मारणाऱ्यांना हा हिशेब दाखवा: 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चरात मीटरला 180 लिटर पाणी मावतं, 100 मीटरला 18,000. तळ एका टोकाला 30 सेंमीनं उतरला की मावतं निम्मंच, तेही सगळं खालच्या टोकाकडे. वळवाच्या एका सरीत तिथला भराव (चरातल्या मातीचा बांध) फुटतो, लोंढा खालच्या चरात येतो, तो आधीच तुडुंब असतो, तोही फुटतो. पायथ्याशी नवी ओघळ पडते आणि घाईनं वाचवलेल्या दोन तासांपायी महिन्याचं श्रमदान वाहून जातं.

पातळी काढायला ए-फ्रेम (इंग्रजी A सारखी, ओळंबा टांगलेली चौकट) बनवली की लगेच रानात पळू नका. दोन खुंट्यांवर उभी करून ओळंब्याची खूण करा, पायांची अदलाबदल करून दुसरी. दोन्ही खुणांचा मध्य तोच खरा. वाऱ्यात ओळंबा झुलतो, म्हणून आखणी सकाळीच उरका. पाण्याच्या नळीनं पातळी काढत असाल तर बुडबुडा दिसताच नळी रिकामी करून पुन्हा भरा. टिचक्या मारत बसण्यात अर्थ नाही.

कातळ लागला तर वर-खाली वळसा घालू नका. तिथं थांबा, पलीकडे त्याच पातळीवर पुन्हा सुरू करा. ओघळीच्या आरपार चर कधीच नको.

माती खालच्या बाजूला, काठापासून 30 सेंमी सोडून टाका. काठाला चिकटवलेली माती पहिल्याच पावसात परत आत.

काळ्या मातीत उभ्या भिंती टिकत नाहीत. जेसीबीवाल्याला घाई असली तरी बाजूंना निदान 1:1 उतार, म्हणजे जितकी खोली तितकाच बाजूला फाकवा, देऊन घ्या.

गाळ पावसाळ्याआधी काढून भरावावरच टाका. 10 सेंमी साचला तरी तिसरा हिस्सा गेला. निचऱ्याच्या चराची सफाई तोंडापासून करा. तिथं पाणकणीस माजलं असेल तर वर कितीही उपसा, पाणी हलणार नाही.