अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला हात कधी लावावा

कोंबडीची अंडी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या यंत्रात, ठेवून एकविसावा दिवस उजाडतो, एखाद्या अंड्यावर बारीक तडा दिसतो, आतून चिवचिव ऐकू येते आणि त्यानंतर कितीतरी तास काहीच घडत नाही. अशा वेळी पिल्लू आत गुदमरत असेल या काळजीने बहुतेकांचा हात टरफलाकडे जातो. काही पिल्लांना खरोखरच मदतीची गरज असते आणि ती न मिळाल्यास ती दगावतात; परंतु वेळेआधी सोललेल्या अंड्यातले पिल्लू रक्तस्रावाने किंवा बलक बाहेर राहिल्याने दगावते, आणि ते एरवी कदाचित स्वतःहून सुखरूप बाहेर आले असते. म्हणून निर्णय घेताना किती तास उलटले एवढेच पाहून भागत नाही. पिल्लाच्या रक्तवाहिन्या आटल्या आहेत का आणि बलक पोटात ओढला गेला आहे का, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी टरफलाच्या आत काय चालते ते आधी नीट समजून घ्यावे. साधारण अठराव्या दिवसापर्यंत पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेत नाही. टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला लागून रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते आणि टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू त्या जाळ्यातून पिल्लाला मिळतो. पुढच्या दोन दिवसांत पिल्लू डोके उजव्या पंखाखाली घेऊन चोच अंड्याच्या रुंद टोकाकडे वळवते आणि तिथल्या हवेच्या पोकळीत पापुद्रा फोडून पहिला श्वास घेते. चिवचिव ऐकू येऊ लागते ती इथून. पोकळीतली थोडी हवा पुरेनाशी झाली की मानेचे स्नायू आचके देऊ लागतात आणि चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्याने टरफलाला बाहेरचा पहिला तडा जातो. यानंतर पिल्लू थांबते, आणि पाहणारा घाबरतो तो नेमका याच टप्प्यावर. वास्तविक या स्तब्धतेत फार मोठे काम चाललेले असते. पापुद्र्याच्या वाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या अंगात परत ओढले जाते, उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जातो आणि बेंबी मिटते. याच बलकावर पिल्लू बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते, आणि म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात.

पहिल्या तड्यापासून बारा ते चोवीस तास शांत राहणे कोंबडीच्या पिल्लासाठी अगदी नेहमीचे आहे. बदकाचे पिल्लू तर कधीकधी अठ्ठेचाळीस तासही घेते. त्यामुळे तडा दिसताच त्या अंड्यावर पेन्सिलीने हलकेच वेळ लिहून ठेवावी, कारण काळजीत वाट पाहताना चार तासही दिवसभरासारखे वाटतात आणि मोजणी हमखास चुकते. दिवसांची गणतीही तपासून घ्यावी. अंडी ज्या दिवशी ठेवली तो दिवस शून्य धरायचा आणि चोवीस तास भरल्यावर पहिला दिवस मोजायचा. यंत्राचे तापमान सतत थोडे कमी राहिले असेल किंवा वीज वारंवार गेली असेल, तर संपूर्ण घाणाच बाविसाव्या किंवा तेविसाव्या दिवसापर्यंत लांबू शकतो. सगळीच अंडी मागे असतील, तर दोष एखाद्या पिल्लाचा नाही आणि घाईचेही कारण नाही.

विश्रांती संपली की पिल्लू आत गोल फिरत टरफलाला रुंद टोकाच्या बाजूने कडेकडेने चिरत जाते आणि शेवटी पायाने ढकलून वरचे झाकण उघडते. हे काम साधारणतः अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत चालते. पाव किंवा अर्धा फेर झाल्यावर पिल्लू तीन-चार तास तिथेच अडकले असेल, तर मात्र ते जवळून पाहणे योग्य ठरते, कारण चिरण्याच्या टप्प्यावर पोहोचलेल्या पिल्लाच्या वाहिन्या बहुधा आटलेल्या असतात आणि ते एकाच जागी थांबण्यामागे काहीतरी अडचण असते.

ही अडचण बहुतेक वेळा आर्द्रतेची असते, आणि आपल्याकडे ती ऋतू आणि प्रदेशानुसार दोन परस्परविरुद्ध रूपांत दिसते. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते, की यंत्रातल्या पाण्याच्या भांड्याकडे थोडे दुर्लक्ष झाले किंवा पिल्ले पाहण्याच्या उत्साहात झाकण दोन-चारदा उघडले, तरी तड्याजवळचा पापुद्रा वाळतो. निरोगी पापुद्रा पांढरा, ओलसर आणि लवचिक असतो. वाळलेला पापुद्रा जुन्या कागदासारखा पिवळट-तपकिरी आणि ताठ होतो व पिल्लाच्या अंगाला असा घट्ट चिकटतो, की त्याला मान फिरवता येत नाही. अशा पिल्लाला मदत लागते. कोकणातल्या पावसाळ्यात याच्या उलट घडते. सुरुवातीच्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण बारा-तेरा टक्के घटायला हवे, म्हणजे ५५ ग्रॅमचे अंडे सुमारे ७ ग्रॅमने हलके व्हायला हवे. हवा दमट असल्यामुळे ते तेवढे घटत नाही, हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होते आणि त्याला फिरायला जागा उरत नाही. तड्यातून चिकट द्राव येतो आणि तो चोचीवर वाळून नाकपुड्या बंद करू शकतो. इथे नाकपुड्या मोकळ्या करणे हीच तातडीची मदत असते.

याखेरीज दोन प्रसंगांत लक्ष घालावे लागते. चोच हवेच्या पोकळीत शिरल्याचे टॉर्चच्या उजेडात दिसते, चिवचिवही येते, पण चोवीस तास उलटूनही टरफलाला बाहेरून तडा जात नाही, हा एक. तडा रुंद टोकाऐवजी निमुळत्या टोकाला पडला आहे, हा दुसरा. निमुळत्या टोकाकडे डोके असलेल्या पिल्लाला हवेच्या पोकळीचा आधार मिळालेला नसतो आणि त्या भागात वाहिन्याही अजून भरलेल्या असू शकतात. म्हणून अशा अंड्याचे भोक चोच मोकळी राहील एवढेच ठेवावे आणि बाकीचे वेळेवर सोपवावे. अशी काही पिल्ले स्वतःहून निघतातही.

मदत करायची असे ठरले, तरी आधी तपासणी करावी. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, खोलीतला पंखा बंद करावा, स्वच्छ चिमटा, कापूस, कोमट पाणी, खोबरेल तेल आणि टॉर्च हाताशी ठेवावे, आणि यंत्राचे झाकण एकदाच उघडून अंडे बाहेर घ्यावे. बाकीच्या अंड्यांनाही तडे गेले असतील, तर शक्यतो ती निघेपर्यंत थांबावे, नाहीतर एकाला वाचवताना उरलेल्यांचे पापुद्रे वाळायचे. तड्याच्या कडेला उघड्या पापुद्र्यावर कापसाने खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा; हिवाळ्यात तेल गोठलेले असेल तर ते आधी पातळ करून घ्यावे. नाकपुड्यांपासून तेल दूर ठेवावे. तेलाने पापुद्रा काही क्षणांत पारदर्शक होतो आणि टॉर्चचा उजेड तिरपा धरला की आतले चित्र स्पष्ट दिसते. लालभडक, फांद्या फुटलेल्या, फुगीर रेषा दिसल्या तर रक्त अजून तिथेच आहे. अंडे परत ठेवावे आणि काही तासांनी पुन्हा पाहावे. रेषा फिकट, धाग्यासारख्या बारीक किंवा दिसेनाशा झाल्या असतील, तर पुढे जाता येते. पिल्लू तोंडाने चघळल्यासारखी किंवा जांभई दिल्यासारखी हालचाल करत असेल, तर पक्षी पाळणारे जाणकार ते बलक अजून ओढला जात असल्याचे लक्षण मानतात, आणि तेवढ्यावरून मीही हात आवरता घेईन.

टरफलाला बाहेरून तडाच गेलेला नसेल, तर रुंद टोकाच्या वरच्या भागात, म्हणजे हवेच्या पोकळीवर, टोकदार सुईने किंवा चिमट्याच्या टोकाने अलगद फिरवत एक बारीक छिद्र पाडावे. या जागेवरच्या बाहेरच्या पापुद्र्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती सर्वांत सुरक्षित जागा आहे. मात्र टोक आत खोल जाता कामा नये. या छिद्राने पिल्लाला हवा मिळते आणि आपल्याला वेळ मिळतो. पुष्कळदा एवढेच पुरते. छिद्र पाडल्यावर अंडे परत ठेवून किमान सहा ते बारा तास थांबावे.

पापुद्रा वाळल्यामुळे अडकलेल्या पिल्लासाठी सोलण्यापेक्षा भिजवण्यावर भर द्यावा. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओलसर करावा, पाण्याचा थेंब भोकात ओघळू देऊ नये, आणि यंत्रातली आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांवर नेऊन अंडे तासभर परत ठेवावे. मऊ झालेला पापुद्रा अनेक पिल्ले मग स्वतःच फाडतात. तरीही ते हलत नसेल, तर तड्यापासून सुरुवात करून हवेच्या पोकळीच्या कडेने टरफलाचे तांदळाएवढे कण एकेक करून काढावेत, आणि पापुद्रा वेगळा, ओला करून, वाहिन्या नाहीत याची खात्री झाल्यावरच बाजूला सारावा. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी तिथेच थांबावे, स्वच्छ कापूस हलकेच दाबून धरावा, रक्त थांबल्यावर अंडे यंत्रात ठेवावे आणि तीन-चार तास त्याला हात लावू नये. एका बैठकीत काम उरकण्याचा मोह टाळावा. दहा मिनिटांहून अधिक वेळ अंडे बाहेर राहिले तर पिल्लाला थंडी बाधू शकते.

डोके आणि चोच मोकळी झाली, वरचे झाकण सैल झाले, की मदत संपली असे समजावे. खालचा अर्धा भाग कधीही सोलू नये, कारण बेंबी आणि उरलेला बलक तिथेच असतो. पायांनी ढकलून बाहेर येणे पिल्लाला स्वतः करू द्यावे. बाहेर आल्यावर बेंबीला टरफल चिकटलेले दिसले किंवा नाळेचा वाळलेला धागा लोंबत असला, तर तो ओढू नये किंवा कापू नये. तो आपोआप गळतो. बलकाचा थोडा भाग बाहेर राहिला असेल, तर पिल्लाला ओलसर, स्वच्छ, मऊ कागदावर लहान वाटीत ठेवून यंत्रातच राहू द्यावे, म्हणजे इतर पिल्ले तिथे चोच मारणार नाहीत. काहींचा बलक पुढच्या काही तासांत आत जातो, काहींचा जात नाही.

मदतीने निघालेले पिल्लू थकलेले आणि ओलेचिंब असते. लव पूर्ण वाळून फुलेपर्यंत त्याला यंत्रातच ठेवावे, दाणापाण्याची घाई करू नये. पाय बाजूला फाकत असतील, तर पहिल्याच दिवशी दोन्ही पायांमध्ये थोडे अंतर ठेवून मऊ पट्टीने ते सैलसर बांधावेत आणि खाली वर्तमानपत्राऐवजी खरबरीत कापड घालावे.

अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली असतील, तर आपला हस्तक्षेप आणखी कमी असावा. अंगाखालची ऊब आणि ओलावा ती स्वतः सांभाळते, आणि तिला सतत उठवल्याने पापुद्रे वाळतात ते वेगळेच. प्रश्न येतो तो आधी निघालेली पिल्ले घेऊन ती उठून जाते तेव्हा. मागे राहिलेले, तडा गेलेले अंडे अशा वेळी थंड होऊ लागते. ते कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून चालू यंत्रात हलवावे, आणि यंत्र नसेल तर तशाच बसलेल्या दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवावे.

पिल्लाला मदत करूच नये, अशक्त असेल ते निसर्गानेच वगळावे, असे मानणारे अनुभवी लोक आहेत, आणि मोठ्या हॅचरीत त्यांचे म्हणणे व्यवहार्यही आहे. घरच्या दहा-बारा अंड्यांच्या घाण्यात मला ते मान्य नाही, कारण तिथे पिल्लू अडकते ते पुष्कळदा आपल्या झाकण उघडण्याने किंवा गेलेल्या विजेमुळे, त्याच्या स्वतःच्या दोषामुळे नव्हे. मात्र कारण स्पष्ट नसताना मदतीने निघालेल्या पिल्लाच्या पायात रंगीत कडी घालावी आणि पुढे त्याची अंडी उबवायला ठेवू नयेत.

तेविसाव्या दिवसानंतर न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी उघडून पाहावीत. चोच पोकळीत शिरलेली होती की नाही, डोके कोणत्या टोकाला होते, पापुद्रा वाळलेला होता की आत चिकट द्राव साचला होता, याची नोंद वहीत करावी. त्यानुसार पुढच्या खेपेला पाण्याच्या भांड्याचा आकार बदलावा, अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवल्यावर झाकण उघडणे बंद ठेवावे, आणि यंत्रातला तापमापक दुसऱ्या खात्रीच्या तापमापकाशी ताडून घ्यावा. पंख्याच्या यंत्रात तो ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस दाखवायला हवा.