दिव्यांगत्व तपासणीला जाताना नोंदवही सोबत न्यावी

मानसिक आजाराच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी गेलेला रुग्ण डॉक्टरांसमोर ‘मी बरा आहे’ एवढेच म्हणतो आणि घरच्यांनी सोसलेले कागदावर येतच नाही. आमच्याकडेही पहिल्या खेपेस हेच झाले.

या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करून नागपुरातील रुग्णालय निवडले, की त्याच दिवसापासून एक वही सुरू करावी. दिव्यांगत्वाचे मोजमाप स्वतःची काळजी, इतरांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींवर होते व आजाराचा कालावधीही धरला जातो. म्हणून याच चार मथळ्यांखाली तारखेसह प्रसंग लिहावेत. ‘आंघोळ करत नाही’ यापेक्षा ‘सहा दिवस आंघोळ नाही, सातव्या दिवशी आईने पाणी काढून दिल्यावर केली’ ही नोंद कितीतरी अधिक सांगते. जुने केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून त्यांच्या झेरॉक्स सोबत ठेवाव्यात, आणि रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीनेच बरोबर जावे.

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तरीही त्रास ठळक दिसावा म्हणून तपासणीआधी औषधे कदापि बंद करू नयेत.