महागडी वस्तू ऑनलाइन विकली आणि पार्सल गहाळ झालं, तर काय करायचं?

काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "व्हॅल्यू किती टाकू?" खोक्यात ८५ मिलिमीटरची लेन्स होती, ३४,००० रुपयांना विकलेली. खरी किंमत टाकली असती तर जोखमीचा आकार, म्हणजे मालाच्या जोखमीसाठी घेतलं जाणारं जादा शुल्क, म्हणून तीनेकशे रुपये जास्त पडले असते. मी म्हणालो, "पाच हजार टाका." त्यानं आकडा लिहिला, मी खाली सही केली.

ते पार्सल पुण्याहून निघालं आणि गुवाहाटीला पोचलंच नाही. दोन महिने मेल, फोन आणि ब्रांचच्या चकरा झाल्यावर कंपनीनं ५,००० रुपये देऊ केले. माझ्याच सहीचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. ग्राहकाला मात्र मी ३४,००० परत केले होते.

मी जुने कॅमेरे आणि लेन्स विकतो. पण पैठणी विकणारे, मोबाइल विकणारे, जुनी घड्याळं विकणारे, सगळ्यांचं दुखणं हेच. म्हणून पार्सल पाठवण्याआधीपासून सुरुवात करतो. नंतरची बरीचशी धावपळ त्याच वेळी ठरलेली असते.

१. पाठवण्याआधी पुरावा तयार ठेवा

वस्तूवर सिरियल नंबर असेल तर त्याचा जवळून फोटो काढा. मोबाइल असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. पैठणीला नंबर नसतो. तिचा पदर पूर्ण उलगडून, काठ आणि एखादी ओळखीची खूण दिसेल असा फोटो घ्या. मग पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा: वस्तू, बबल रॅप, खोका, टेप, वर चिकटवलेला पत्ता, आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवलेला खोका. मध्ये कुठेही तोडू नका.

वजनाकडे माझं विशेष लक्ष असतं. माझा खोका घरी १ किलो २४० ग्रॅम भरला, तर पावतीवरही त्याच्या आसपासच आकडा हवा. वाटेत खोका फोडून वस्तू काढली गेली तर पुढच्या हबवर वजन कमी दिसतं, आणि ती नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये राहते. वस्तू काढून त्याच वजनाचं काही भरलं असेल तर हा मार्ग बंद होतो, पण घाईत चोरी करणारा एवढी तसदी क्वचितच घेतो.

पत्ता दोनदा वाचा, पिनकोड तीनदा. ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ आणि ४११००३ म्हणजे खडकी. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की पार्सल शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं.

२. काउंटरवर खरी किंमत लिहा

खरी विक्रीची किंमत लिहा, बिलाची प्रत जोडा आणि जोखमीचा आकार भरा. तो भरला म्हणजे विमा झाला असं समजू नका. "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) की "कॅरिअर्स रिस्क" (जोखीम वाहतूकदाराची), हे पावतीवर काय लिहिलंय ते बघा. ओनर्स रिस्क लिहिलं असेल तर माल गेला तरी कंपनी आपली जबाबदारी झटकणार. पावतीमागच्या बारीक अक्षरातल्या अटी घरी येऊन नव्हे, तिथेच उभं राहून वाचा. मागे रांग असली तरी वाचा.

वस्तू काय आहे तेही खरं लिहा. सोनं, दागिने, रोकड बऱ्याच कुरिअर कंपन्या घेतच नाहीत. "भेटवस्तू" लिहून आत अंगठी पाठवली आणि ती गेली, तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

टपाल खात्याचं गणित वेगळं आहे. देशांतर्गत स्पीड पोस्ट हरवलं आणि विमा उतरवलेला नसेल, तर भरपाई म्हणून डाकशुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे ८० रुपये डाकशुल्काच्या पार्सलला १६० रुपये. त्यामुळे पोस्टानं किमती वस्तू पाठवायची तर विमा उतरवूनच पाठवा. २०२३च्या टपाल कायद्यानुसारही पोस्टाची जबाबदारी नियमांत लिहिलेल्या मर्यादेपुरतीच आहे.

वारंवार महाग माल पाठवत असाल तर विमा कंपनीकडून वेगळी ट्रान्झिट पॉलिसी, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, घ्या.

३. ट्रॅकिंग थांबलं की त्याच दिवशी लिहा

एकाच हबवर पार्सल दोन-तीन दिवस अडकलं, किंवा "डिलिव्हर्ड" दिसतंय आणि ग्राहक म्हणतोय मिळालं नाही, की थांबू नका. आधी ट्रॅकिंगच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. पुढे नोंदी बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

मग मेल करा. फोन करायचा असेल तर जरूर करा, पण तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय ठेवू नका, आणि त्याच दिवशी तोच क्रमांक घालून मेल पाठवा. मेलमध्ये डॉकेट नंबर (पावतीवरचा पार्सलचा क्रमांक), बुकिंगची तारीख, वजन, जाहीर केलेली किंमत आणि शेवटचं ठिकाण असावं. "लवकर शोधा" असं मोघम लिहू नका. नेमकं मागा: पोच पावतीची प्रत, डिलिव्हरी बॉयच्या त्या दिवशीच्या डीआरएसची प्रत (म्हणजे त्याच्याकडे कोणती पार्सलं होती त्याची यादी), डिलिव्हरीची वेळ आणि जागा, आणि ओटीपी घेतला होता का. पोचेवर कुणाची सही आहे हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. कधी ती वॉचमनची असते, कधी शेजारच्या दुकानाची.

त्याच वेळी ग्राहकाला सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही बघायला सांगा. बऱ्याच ठिकाणचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून हे उद्यावर टाकू नका.

पोस्टाचं पार्सल असेल तर १८०० २६६ ६८६८ वर किंवा पोस्टाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. उत्तर आलं नाही तर डाक अदालत, म्हणजे पोस्टाचीच तक्रार-सुनावणी, आहे, आणि माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून पार्सलच्या प्रवासाची नोंदही मागता येते.

एक सावधगिरी. कंपनीचा नंबर गूगलवर शोधून वर दिसेल त्याला फोन लावू नका. पावतीवरचाच नंबर वापरा. "पार्सल अडकलंय, ५ रुपये भरा, ही लिंक उघडा" हा सरळ गंडा आहे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा.

४. ग्राहकाशी काय बोलायचं

ग्राहकानं पैसे दिलेत आणि त्याच्या हातात काही नाही. त्याला दर दोन दिवसांनी स्वतःहून कळवा, नवं काही नसलं तरी. माझा गुवाहाटीचा ग्राहक पहिल्या आठवड्यात फार चिडला होता. रोज संध्याकाळी एक ओळ लिहायला लागल्यावर तोच मला त्याच्या भागातल्या डिलिव्हरी बॉयचा नंबर शोधून द्यायला लागला.

पैसे कधी परत करायचे? १९३०च्या माल विक्री कायद्यात कलम ३९ आहे. माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो ग्राहकाला पोचला असं सकृतदर्शनी धरलं जातं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की मालाचं स्वरूप बघून विक्रेत्यानं वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. तो केला नाही आणि माल गेला, तर ग्राहक अशी पोच नाकारू शकतो. ३४,०००ची लेन्स ५,०००ची म्हणून पाठवणं हा वाजवी करार नव्हता. हे मला तेव्हा माहीत नसतानाही पैसे परत करावेसे वाटले, आणि आजही मी तेच करीन. पार्सल गहाळ असल्याचं कंपनीनं लेखी मान्य केलं, की भरपाईची वाट न बघता ग्राहकाचे पैसे परत करा.

ओटीपी देऊन डिलिव्हरी झालेली असेल आणि तरी ग्राहक नाकारत असेल, तर घाई नको. पार्सल मिळालं नसल्याचं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत त्याच्याकडून मागा. कुरिअर कंपनीही दाव्यासाठी बहुधा तेच पत्र मागते, त्यामुळे ते मागण्यात अपमान नाही.

५. लेखी दावा करा, मुदत चुकवू नका

ग्राहकाचं काम वेगळं, कंपनीकडचा दावा वेगळा. कंपनीला रकमेसह दावा लिहा: वस्तू, किंमत, बिल, पॅकिंगचा व्हिडिओ, पावती, तक्रार क्रमांक, आणि पंधरा दिवसांत उत्तराची मागणी. माल रस्त्यानं गेला असेल तर २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्यातली मुदत पाळा: कोर्टात दावा लावण्यापूर्वी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस द्यावी लागते. ती स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपा. जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर त्या कायद्याखालची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. काउंटरवर वाचवलेले तीनशे रुपये इथे येऊन भिडतात.

ट्रान्झिट पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही लगेच कळवा. ती कुरिअर कंपनीकडचं "सीओएफ" मागेल, म्हणजे माल गहाळ झाल्याचा दाखला. हा दाखला द्यायला कंपन्या टाळाटाळ करतात. ब्रांच मॅनेजरसमोर जाऊन बसलात की मिळतो.

चोरीचा संशय असेल तर पोलिसांत जा. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सिरियल नंबर हाती असेल तर तक्रारीला वजन येतं.

६. कंपनी दाद देत नसेल तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. नुसत्या तिथल्या तक्रारीवरही बऱ्याच कंपन्या हलतात. तरीही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार भरता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, पण पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला त्यातून सूट आहे. तुम्ही एकट्यानं विक्री करत असाल तर तक्रारीत हे स्पष्ट लिहा.

सही केलेल्या अटींचं काय? भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सही केलेल्या पावतीवरची भरपाईची मर्यादा मान्य केली. म्हणून मी आयोगात गेलो नाही. पण सही नसलेल्या, कुणी वाचून न दाखवलेल्या बारीक अक्षरातल्या अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असंही आयोगांनी अनेकदा म्हटलं आहे. त्यामुळे आपल्या पावतीवर आपली सही आहे की नाही, ते आधी बघा.

७. आणि पार्सल परत आलं तर

कधी कधी महिन्या-दोन महिन्यांनी पार्सल अचानक दारात येतं. आनंदाच्या भरात सही करू नका. आधी वजन करा, टेप तुम्हीच लावलेली आहे का ते व्हिडिओशी ताडून बघा, आणि आणणाऱ्यासमोर कॅमेरा चालू ठेवून उघडा. तो उघडू देत नसेल तर पोच पावतीवर "न उघडता घेतले, वजन इतके" असं लिहा. आत वस्तू नसेल तर "उघडून पाहिले, वस्तू नाही" असं लिहून खाली तारीख आणि वेळ टाका. वस्तू नीट असेल तर ग्राहकाला आधी विचारा, त्याला ती अजून हवी आहे का. आणि भरपाई घेतली असेल तर ती कंपनीला परत करा.