गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय? टेप कशी लावायची, व्यायाम कुठले करायचे

श्रावण जवळ आला की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करायचीय पण गुडघा साथ देईल का. मग कोणीतरी सांगतं टेप लाव, कोणी सांगतं बेल्ट घाल, कोणी म्हणतं चालणंच बंद कर. माझं स्पष्ट मत सांगते, टेप चांगली आहे, पण ती फक्त दुखणं कमी करून व्यायाम करायला मोकळीक देते, गुडघा बरा होतो तो व्यायामाने. नुसती टेप लावून गड चढत राहिलात तर दोन महिन्यांनी तिथेच असाल.

आधी आपलं दुखणं हेच आहे का ते बघा. वाटीच्या मागे किंवा आजूबाजूला ठसठसतं, नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही, माणूस तळहात फिरवून "इथं सगळीकडे" असं सांगतो. जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना, पळताना वाढतं, आणि बराच वेळ गुडघा दुमडून बसलं की पण वाढतं, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला अप-डाऊन करणाऱ्यांना दादरला उतरताना पाय सरळच करवत नाही, ते हेच. तरुण माणसाला असं झालं की घरचे लगेच "गुडघे झिजले" म्हणतात, पण बहुतेक वेळा झीज नसते. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते आणि गुडघा जितका वाकवून वजन टाकाल तितका तिच्यावर दाब वाढतो, सपाट रस्त्यावर चालताना तो कमी असतो आणि जिन्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. एकदम जास्त पळणं, एकदम जास्त चढ-उतार सुरू केला की तिथलं सहनशक्तीचं गणित बिघडतं. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, अशाला घाबरू नका.

पण गुडघा सुजलाय, अडकतो, अचानक दगा देतो, पडल्यावर किंवा पिळवटल्यावर दुखायला लागलाय, वाटी जागेवरून सटकली होती, गुडघा लाल-गरम आहे आणि ताप आहे, रात्री झोपेतून उठवतो, यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. लहान मुलाचा गुडघा दुखत असेल आणि ते लंगडत असेल तरीही डॉक्टरच, कारण मुलांमधे कधीकधी त्रास खुब्यात असतो आणि दुखतो गुडघा.

आता टेप. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅककॉनेल नावाच्या फिजिओने 1980 च्या दशकात मांडली. यासाठी रंगीत ताणणारी टेप नाही लागत, न ताणणारी कडक स्पोर्ट्स टेप लागते, 38 मिलिमीटर रुंदीची, ल्युकोटेप पी वगैरे, आणि तिच्याखाली पांढरी मऊ पट्टी, हायपाफिक्स किंवा फिक्सोमल. आदल्या दिवशी दोन्हीचे छोटे तुकडे हाताच्या आतल्या बाजूला लावून ठेवा, खाज किंवा लाली आली तर टेप तुमच्यासाठी नाही. जखम, पुरळ असेल, डायबेटीसमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असेल तर घरी लावूच नका.

लावायच्या आधी एक गोष्ट कराच, ती लोक सोडतात. घराच्या पायरीवरून दुखऱ्या पायावर वजन ठेवून दुसरा पाय हळू खाली टेकवा आणि 10 पैकी किती दुखलं ते ठरवा. मग पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला छोटा टॉवेल, मांडी एकदम सैल. कातडी धुऊन कोरडी केलेली, तेल-क्रीम नाही, केस असतील तर आदल्या दिवशी कापलेले. मऊ पट्टी वाटीच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, न ताणता नुसती ठेवून द्या. कडक टेपचं टोक वाटीच्या बाहेरच्या कडेवर मधोमध चिकटवा, त्याच हाताच्या अंगठ्याने वाटी हळूच आत ढकला, दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या आतल्या बाजूचं मांस वाटीकडे गोळा करा आणि टेप ओढून तिथे मऊ पट्टीवर चिकटवा. आतल्या बाजूला कातडीला सुरकुत्या पडल्या म्हणजे जमलं. पहिल्या पट्टीला अर्धं झाकून वरून अजून एक. एकट्याने हात कमी पडतात, घरातल्या कोणाला तरी मांस धरून ठेवायला सांगा. वाटीच्या खालच्या टोकावर दाब येऊ द्यायचा नाही, तिथली चरबीची गादी लगेच दुखते, आणि गुडघ्याभोवती गोल वेढा कधीच मारायचा नाही.

आता परत त्याच पायरीवर. दुखणं लगेच अर्ध्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर काढून टोक थोडं वर-खाली करून परत लावा, वाढलं तर काढूनच टाका. टेपने वाटी कायमची "जागेवर बसते" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दुखणं कमी होतं एवढंच आपल्या कामाचं. झोपताना काढायची, ओढून फाडायची नाही, थोडं खोबरेल लावून कातडी दाबून धरत हळू सोलायची. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने ती तशीही तासाभरात सरकते, म्हणून सकाळी लवकरच्या चालण्याला लावा.

आणि दुखणं कमी आहे तेव्हाच व्यायाम. गंमत म्हणजे दुखतो गुडघा पण जोर लावायचा कुल्ह्यावरही, कारण कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की पाय टेकताना गुडघा आत वळतो. कुशीवर झोपा, पाठ आणि वरच्या पायाची टाच भिंतीला, टाच भिंतीवर घासत पाय वर न्यायचा, बोटं छताकडे वळवायची नाहीत, नाहीतर पुढचा स्नायूच काम करतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, जमलं की एका पायावर. खुर्चीवरून हात न टेकता हळू उठ-बस, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा म्हणजे गुडघा कमी वाकतो. भिंतीला टेकून अर्धं, 45 अंशांच्या आसपास बसणं. हे दुखेनासं झालं की पायरीवरून उतरण्याचा व्यायाम, आरशासमोर, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय आणि कंबर एका बाजूला पडत नाहीये हे बघत. प्रत्येकाचे 10-12 वेळा असे तीन राउंड, आठवड्यातून तीन दिवस, आणि शेवटची दोन-तीन जड गेली पाहिजेत, नाहीतर व्यायामाला लावलेलं वजन वाढवा. 10 पैकी 3 पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालू ठेवा, त्यापेक्षा जास्त तर पुढच्या वेळी कमी करा. किमान सहा ते बारा आठवडे लागतात, घाई करून काही होत नाही.

या काळात चालणं बंद करायचं नाही, फक्त उतार कमी करायचा. पांडवलेणी चढा पण उतरताना छोटी पावलं टाका, सप्तशृंगीला पायऱ्या चढून गेलात तरी येताना ट्रॉलीने या. पळणाऱ्यांनी पाऊल थोडं छोटं करून मिनिटाला 5 ते 10 टक्के जास्त पावलं टाकली तर वाटीवरचा भार कमी होतो. ऑफिसात किंवा गाडीत बसलेलं असताना अधूनमधून पाय लांब करा.

टेप साधारण चार आठवड्यांपेक्षा जास्त लागू नये. पहिल्यांदा सपाट रस्त्यावर टेपशिवाय, मग जिना, मग टेकडी, अशी सोडत जा. व्यायाम मात्र दुखणं थांबल्यावरही आठवड्यातून दोनदा ठेवा, आणि सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओला प्रत्यक्ष चालून, पायरी उतरून दाखवा, कारण कधीकधी पावलाची ठेवण किंवा बुटाचा प्रश्न असतो आणि तो समोर बघितल्याशिवाय कळत नाही.