गळके आणि फुटके पेंटबॉल : खेळ सुरू होण्यापूर्वी काय करावे

पेंटबॉलची, म्हणजे खेळात एकमेकांवर झाडायच्या रंगभरल्या गोळ्यांची, पिशवी उघडल्यावर आत रंगाचा ओघळ दिसला की बहुतेकांचा हात पाण्याच्या नळाकडे वळतो. तो तिथेच थांबवावा. पेंटबॉलचे कवच जिलेटिनचे असते आणि औषधांच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीने बनतात त्याच पद्धतीने ते बनते, म्हणजे जिलेटिनच्या दोन पट्ट्यांमध्ये रंग भरून कडा एकमेकींना चिकटवल्या जातात. असे कवच पाण्याने धुतले तर ते पाणी शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. मग पिशवीत एक फुटलेली गोळी होती तिथे पन्नास निकामी होतात. आतल्या रंगाचा मुख्य घटक असलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे शेजारच्या गोळ्यांवर बसलेला थर नुसता ठेवून दिला तरी सहजासहजी वाळत नाही. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो, तसेच हे आहे. म्हणून हे काम मैदानावर शिट्टी वाजायच्या वेळी करू नये, निदान तासभर आधी उरकावे.

एका पसरट ट्रेमध्ये जुना, कोरडा टॉवेल अंथरून त्यावर पिशवीतले पेंटबॉल अलगद ओतावेत. घामेजलेले हात आधी पुसून घ्यावेत, कारण बोटांचा ओलावाही कवचाला पुरतो. फुटलेल्या गोळ्या आणि कवचाचे तुकडे प्रथम उचलून वेगळे करावेत. मग उरलेल्या गोळ्या एकेक करून उजेडात फिरवून पाहाव्यात. नजर सांध्यावर ठेवावी, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते : गोळीच्या मध्यावरून जाणाऱ्या बारीक रेषेवर रंगाचा टिपूस किंवा ओलसर चमक दिसली, तर ती गोळी आज ना उद्या फुटणारच. एका बाजूला चपटी झालेली किंवा खळगा पडलेली गोळी ट्रेवर घरंगळताना लंगडते, हे डोळ्यांना लगेच कळते. तीही काढून टाकावी.

ज्या गोळ्या शाबूत आहेत पण रंगाने माखल्या आहेत, त्या वाचवता येतात. धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने किंवा जाड टिश्यूने प्रत्येक गोळी पुसावी, कापड माखले की बदलावे, आणि स्वच्छ कापडाने पुन्हा एक हात फिरवावा. पुसलेल्या गोळ्या एकमेकींना न टेकता सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवाव्यात. ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नये, उष्णतेने जिलेटिन मऊ पडते. काही खेळाडू टाल्कम पावडर भुरभुरतात, पण रंगाशी तिचा लगदा होतो आणि तो बॅरलमध्ये, म्हणजे मार्करच्या (गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीच्या) नळीत बसतो. खाद्यतेलाचा हात देणारेही आहेत, मात्र तेलाचा थर बॅरलमध्ये गेला की नेम भरकटतो, त्यामुळे मला तो उपाय पटत नाही. शेवटी दोन गोळ्या एकमेकींवर हलके दाबून सोडाव्यात. सुटताना चिकटपणा जाणवला, तर त्या मार्करमध्ये भरण्याच्या लायकीच्या राहिलेल्या नाहीत.

आता आकार तपासावा. नेहमीच्या पेंटबॉलचा व्यास 0.68 इंच, म्हणजे सुमारे 17.3 मिलिमीटर असतो, पण ओलावा पोचलेली गोळी त्याहून जाड होते. मार्करमधून बॅरल पूर्ण वेगळी काढून तिच्या मागच्या तोंडात गोळी ठेवावी आणि फुंकर मारावी. गोळी फुंकरीसरशी सहज निघून गेली तर ठीक, अडकून बसली तर ती फुगलेली आहे. त्यानंतर त्याच पिशवीतल्या चार-पाच गोळ्या खांद्याच्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर टाकून पाहाव्यात. पहिल्याच आपटीत सगळ्यांच्या ठिकऱ्या उडाल्या, तर कवच ठिसूळ झाले आहे आणि त्या मार्करमध्येच फुटण्याची भीती आहे. उलट त्या चेंडूसारख्या उसळतच राहिल्या, तर त्या समोरच्याच्या अंगावर फुटणार नाहीत, नुसत्या लागतील. हे जास्त वाईट.

गोळ्या स्वच्छ झाल्या तरी हॉपर (मार्करवर बसणारा गोळ्यांचा डबा) आणि पॉड (जादा गोळ्या सोबत नेण्याची नळकांडी) तसेच राहिले, तर सारी मेहनत वाया जाते. पॉडच्या तळाशी वाळून राहिलेला जुना रंग हा पेंटबॉल फुटण्यामागचा नेहमी दुर्लक्षित राहणारा गुन्हेगार आहे. पॉड ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. हॉपर बॅटरीचा असेल तर बॅटरी काढूनच पुसावा. बॅरलमधून कोरडी स्क्वीजी, म्हणजे नळी आतून पुसण्याचे साधन, फिरवावी. एक गोळी बॅरलमध्ये फुटली की तिच्या मागून येणाऱ्या गोळ्या त्या रंगावरून घसरत वाकड्या जातात किंवा त्याही फुटतात, शिवाय कवचाचे तुकडे गोळी अडवणाऱ्या खिट्टीत आणि सेन्सरवर बसतात. साधारण 2000 गोळ्यांच्या खोक्यातून शंभर संशयास्पद गोळ्या फेकल्या, तर तो तोटा मानू नये.

लोणावळा-कर्जतच्या पावसाळी हवेत हा त्रास अधिक होतो. तिथे उघडलेली पिशवी रात्रभर तशीच ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो 15 ते 25 अंश सेल्सियस तापमानात ती ठेवावी आणि गोळ्या एकाच बाजूवर दबू नयेत म्हणून डबा अधूनमधून उलटवावा. बंद गाडीत आणि फ्रिजमध्ये, दोन्हीकडे पेंटबॉल खराब होतात : गाडीत उष्णतेने, आणि फ्रिजमधून बाहेर काढल्यावर कवचावर धरणाऱ्या दवाने. गोठवलेल्या गोळ्या तर कुणावरही कधीच झाडू नयेत.

बाजूला काढलेल्या गोळ्या मैदानाच्या कडेला टाकू नयेत. त्यांतला माल माणसाला विषारी नसला, तरी कुत्र्याने बऱ्याच गोळ्या खाल्ल्या तर ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉलसारखे घटक शरीरातले पाणी आतड्यात ओढतात, रक्तातले सोडियम वाढते आणि जनावर दगावूही शकते. रिसॉर्टच्या आसपास भटकी कुत्री असतातच, तेव्हा टाकाऊ गोळ्या पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाकाव्यात आणि कुत्र्याने त्या खाल्ल्याचे दिसले, तर लक्षणांची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.