नूमी बसराचा चहा: वाळलेल्या लिंबाचा, पण कडू न होऊ देता

मस्कतला आले तेव्हा मत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लोबानाच्या ढिगाशेजारी पोत्यात काळेकुट्ट गोटे दिसायचे, अक्रोडाएवढे, हातात घेतले तर एकदम हलके, आणि मला कितीतरी दिवस तो कसलातरी धूपच वाटत होता. ती लिंबं होती! आपलं कागदी लिंबू असतं ना तसलीच छोटी लिंबं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ उकळायची आणि मग उन्हात पार खडखडीत होईपर्यंत वाळवायची, की झालं. इकडे त्याला लूमी म्हणतात, इराणी दुकानात लिमू अमानी म्हणजे ओमानी लिंबू, आणि इराकी माणूस म्हणणार नूमी बसरा. आता गंमत अशी की हे नाव लिंबं बसऱ्यात पिकतात म्हणून नाही पडलेलं, ओमानकडून जहाजाने माल बसऱ्याच्या बंदरात उतरायचा आणि तिथून आत बगदादपर्यंत जायचा, म्हणून बसऱ्याचं लिंबू.

चहा मला शिकवला आमच्या वरच्या मजल्यावरच्या इराकी खालांनी, खाला म्हणजे मावशी. त्याआधी मी स्वतःच्या डोक्याने केला होता, दोन लिंबं आख्खी फोडून पाण्यात टाकली आणि आपल्या चहासारखी चांगली खळखळ उकळली वीस मिनिटं, आणि जे काही झालं ते काढ्यालाही लाजवेल असं होतं, नवऱ्याने एक घोट घेऊन कप हळूच सिंकमध्ये ओतला. खालांना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. पहिला प्रश्न एकच, बिया काढल्यास का?

तर तिथूनच सुरू करू. चार छोट्या ग्लासांना दोन लिंबं पुरतात. चहासाठी शक्यतो फिकट, तपकिरी रंगाची घ्या, काळी जास्त उग्र असतात, ती मच्छीच्या नाहीतर मटणाच्या रश्श्याला बरी. लिंबाला बारीक भोक दिसलं तर सरळ फेकून द्या, आत किडा असतो. बाकीची धुवून पुसा आणि खलबत्त्यात बत्त्याचा एकच ठोका द्या, जोरात नाही, नुसतं तडकलं पाहिजे, कारण पूड केली की बियाही चेचल्या जातात आणि सगळा कडूपणा पाण्यात उतरतो. मग हाताने दोन भाग करायचे. आत काळपट, चिकट-कोरडा गर दिसेल, जुन्या चिंचेसारखा, आणि वास असा येतो की लिंबाचं जुनं लोणचं आणि थोडा धूर एकत्र. त्यातल्या बिया एकेक करून काढा, बोटं काळी होतात, होऊ देत. हे काम कंटाळवाणं आहे पण इथे शॉर्टकट मारलात तर पुढे कितीही साखर घाला उपयोग नाही.

पातेलं स्टीलचं घ्या, आंबट आहे ना, ॲल्युमिनियम नको. चार ग्लास पाणी आधी उकळून घ्यायचं, मग लिंबाचे तुकडे टाकायचे, गॅस एकदम बारीक, आणि फक्त चार-पाच मिनिटं. मग बंद करून झाकण ठेवा आणि पाचेक मिनिटं विसरून जा. सालीतही कडू असतंच, म्हणून खळखळ उकळायचं नाही, मुरू द्यायचं. रंग मधासारखा, फार तर कोऱ्या चहासारखा आला की गाळा. त्याहून काळा झाला तर समजा जास्त वेळ झालाय, मग गरम पाणी घालून पातळ करा, तेवढंच हातात असतं.

साखर लागतेच, माझ्या अंदाजाने ग्लासाला एक चमचा, गरम असतानाच. मध घालायचा तर जरा कोमट झाल्यावर. दूध घालायचा विचारही करू नका, फाटेल. चहापूड यात नसते, नाव चहा असलं तरी, काही घरांत चिमूटभर घालतात म्हणे पण खालांच्या घरी ते चालत नाही 😄 इराकी लोक हा इस्तिकानमध्ये देतात, म्हणजे कमरेत बारीक असलेला काचेचा छोटा ग्लास, बशीवर ठेवलेला, आणि त्यांच्याकडे याला नुसतं चाय हामुद पण म्हणतात, आंबट चहा. जड जेवणानंतर किंवा पोट बिघडलं की घराघरात हाच करतात, आपल्याकडे कसं ओवा नाहीतर आल्याचं पाणी देतात तसं. पण ॲसिडिटीवाल्यांनी उपाशीपोटी घेऊ नका, मी घेतला होता, दुपारपर्यंत छातीत जळजळ.

उन्हाळ्यात हाच गाळून, साखर विरघळवून फ्रीजमध्ये ठेवा, वर बर्फ आणि पुदिन्याचं पान. मला तर गरमपेक्षा हाच जास्त आवडतो, गावी कोकम सरबत पितो तसा घटाघटा जातो.

घरी लिंबं वाळवायची असतील तर डागरहित कागदी लिंबं घ्या, खारट पाण्यात पाचेक मिनिटं उकळा, निथळा, आणि जाळीवर कडक उन्हात ठेवा, रोज उलटवा. किती दिवस ते उन्हावर आहे, हलवल्यावर आतलं खुळखुळलं आणि वजन उरलं नाही की झाली. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, कोकणात तर नाहीच, बुरशी धरणार.

आणि गाळणीत राहिलेले तुकडे टाकू नका, त्यांच्यात अजून आंबटपणा असतो. खाला ते रश्श्यात सोडतात, मी एकदा आमसुलं संपली होती म्हणून तुरीच्या आमटीत टाकले. वास थोडा परका आला खरा, पण पातेलं रिकामं झालं, सासूबाईंना फोनवर मात्र आमसुलंच सांगितलीत.