कातळावर जायचं, पण यादी कुत्र्यापासून

चढाईच्या तयारीची यादी बहुतेक जण दोरापासून सुरू करतात. कुत्रा बरोबर येणार असेल तर मी ती माणसांपासून सुरू करतो. दोघंच असाल तर कुत्र्याला घरी ठेवा. एक जण वर चढत असतो आणि दुसरा बिले देत असतो, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत असतो; त्याचे हात दोरावर आणि डोळे वर चढणाऱ्यावर. मग कुत्र्याकडे बघणार कोण? निदान तिघं हवेत. तिसऱ्याचं त्या वेळेपुरतं काम एकच: कुत्रा. हे काम आळीपाळीने फिरवायचं, नाहीतर ज्याचा कुत्रा तो दिवसभर पट्टा धरून बसतो आणि संध्याकाळी कुणाशी बोलत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एकदा आम्ही दोघंच गेलो आणि खंड्याचा, म्हणजे माझ्या कुत्र्याचा, पट्टा खाली बिले देणाऱ्या मित्राच्या हार्नेसला (दोर बांधायच्या कंबरपट्ट्याला) अडकवला. अर्धा तास सगळं झकास चाललं. मग एक खार पळाली. मी तिसऱ्या बोल्टच्या (खडकात पक्क्या ठोकलेल्या खिळ्याच्या) थोडा वर होतो. दोराला असा हिसका बसला की पाय निसटता निसटता राहिला. तेव्हापासून कुत्रा माणसाला बांधायचा नाही आणि चढाईच्या अँकरला (दोर खडकाला जिथे पक्का केलेला असतो तिथे) तर नाहीच नाही, हे ठरून गेलं.

माणसं ठरली की जागा. तिथे कुत्रा चालतो का, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कडा बंद असतो का, हे आठवडाभर आधी विचारून घ्यावं. पायवाटेत शिडी किंवा हातापायांनी चढायचा टप्पा असेल तर ती जागा आपली नाही. पायथ्याशी सपाट जमीन हवी, झाड हवं, आणि ऊन कुठल्या बाजूने कधी येतं ते माहीत हवं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल आणि खडक वालुकाश्म असेल तर बेत पुढे ढकला. भिजलेला वालुकाश्म कमजोर होतो, हाताखालची पकड मोडून हातात येते. कड्यावर मधमाश्यांचं मोठं पोळं दिसलं तर वाद न घालता मागे फिरायचं. आपण पळू शकतो, बांधलेला कुत्रा पळू शकत नाही.

आणखी एक तयारी घरीच करायची असते आणि ती हमखास राहते. मालक कड्यावर चढून दिसेनासा झाला की कुत्रा आकांत मांडतो. त्यामुळे आधीचे काही दिवस हेल्मेट आणि हार्नेस चढवून घरात फिरा, त्याला त्याच्या चटईवर बसायला सांगा, दुसऱ्या खोलीत जाऊन परत या, मग थोडा जास्त वेळ जा. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू दे. इतकं करूनही तो थांबत नसेल तर त्याला कड्यावर नेण्यात ना त्याला मजा, ना बाकीच्यांना.

सामान आदल्या रात्री जमिनीवर मांडून भरावं, पिशवीत बघून नव्हे. दोर पूर्ण लांबीभर बोटांतून फिरवा. कुठे मऊ पडलाय, चपटा लागतोय किंवा आतला गाभा दिसतोय, तर तो दोर रद्द. न वापरताही दहा वर्षं झालेला दोर चढाईतून काढून टाकावा, असं दोर बनवणारेच सांगतात. साठ मीटरचा दोर म्हणजे तीस मीटरचा मार्ग, हे गणित कागदावर बरोबर आहे. गाठींना लागणारा दोर धरला तर थोडी कमी उंचीच मनात ठेवावी. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची म्हणजे मारायचीच, कारण खाली उतरवताना दोर संपून टोक बिलेच्या यंत्रातून सुटल्याचे अपघात चांगल्या चांगल्या लोकांचे झाले आहेत. क्विकड्रॉ, म्हणजे बोल्टला दोर अडकवायच्या दोन कड्यांच्या पट्ट्या, मार्गावरच्या बोल्टांपेक्षा दोन जास्त घ्या. स्लिंग (मजबूत पट्टीचे फास), स्क्रू कॅराबिनर (स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या), बिलेचं यंत्र, बूट, हाताला लावायची चॉक पावडर या गोष्टी कुणी विसरत नाही. विसरतं ते हेल्मेट, आणि तेही खाली उभ्या असलेल्याचं. दगड वरून येतात, ते खालच्याच डोक्यात बसतात.

कुत्र्याची पिशवी वेगळी भरा. पाणी आधी. साधारण दिवशीही कुत्र्याला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर लागतं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटरभर. उन्हात, चालून आल्यावर, त्याच्या दुप्पट घेतलेलं बरं. घडीचं भांडं, चटई, सावलीसाठी कापड, विष्ठेच्या पिशव्या, टिक (गोचीड) काढायचा चिमटा, पंजाला बांधायला चिकटपट्टी. तोंडाला बांधायला एक मऊ पट्टीही ठेवा, कारण दुखावलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो. मात्र धापा टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याचं तोंड कधीही बांधायचं नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, झटका बसला तर गळा आवळत नाही. आणि मित्रांच्या खाऊची तपासणी करा: चॉकलेट, मनुका, झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात त्या गोडीचं) च्युइंगगम हे कुत्र्याला विष आहे. उघड्या पिशवीत नाक घालायला त्याला एक मिनिट पुरतं.

पोचल्यावर त्याची जागा आधी ठरवा, मार्ग नंतर. दगड आणि पडलेला कॅराबिनर येऊ शकेल त्या जागेच्या बाहेर, कड्यापासून बाजूला, झाडाला तीनेक मीटरचा पट्टा. त्याहून लांब ठेवला तर तो झाडाभोवती तीन फेऱ्या मारून स्वतःला गुंडाळून घेतो. दोर ताडपत्रीवर ठेवा. कुत्र्याच्या पंजांची माती दोरात गेली की आतले धागे घासत राहतात, शिवाय रचलेल्या दोरावर बसणं हा खंड्याचा आवडता उद्योग आहे. खडकाला तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही टेकवणार नाही.

सगळ्यात जास्त लक्ष उष्णतेवर. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो, आणि चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. त्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, आणि ४१च्या वर गेलं की जिवाशी खेळ. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, चाल डळमळली, की चढाई तिथेच बंद. सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि पशुवैद्याकडे निघायचं. त्याचा फोन नंबर आणि रस्ता घरूनच लिहून न्या, कड्याखाली रेंज असेलच असं नाही.

प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं: हार्नेसला दोर बांधायची आठाची गाठ, हार्नेसचे बकल, कॅराबिनरचा स्क्रू, बिलेच्या यंत्रातला दोर, टोकाची गाठ. तिसऱ्याने त्या वेळी कुत्रा कुठे आहे ते बोलून दाखवायचं. ऐकायला बावळट वाटतं. आम्ही तरी म्हणतो, ‘खंड्या झाडाशी.’ मग बिले देणारा ‘बिले तयार’ म्हणतो.

निघताना कॅराबिनर मोजा, विष्ठेची पिशवी उचला, पंजांच्या मधे आणि कानांमागे टिक बघा. गाडीत मात्र दोराची पिशवी मागच्या सीटवर टाकू नका. ती जागा खंड्याची आहे, आणि तो भिजलेला असतो.